एकांड्या माश्यांची पिढी आणि उन्हाळ्याचा ताप

(तेरेखोल येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तेरेखोल हे गोव्याचे उत्तर टोक. नदी ओलांडून केरीला उतरले की उरलेला सारा गोवा सुरू होतो, आणि इकडे आपली जमीन मात्र रेडीच्या जमिनीला लागून आहे. खेम सावंतांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलेला किल्ला पाहावयास बाहेरची मंडळी येतात, चार छायाचित्रे काढतात आणि फेरीबोटीची वेळ झाली की परततात. किल्ल्यामागच्या सड्यावर काजूची भाटे आहेत, त्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. आज मला त्या भाटांविषयी आणि तेथील एका अगदी लहान रहिवाशाविषयी बोलावयाचे आहे.

मधमाशी म्हटले की आपल्यासमोर पोळे उभे राहते. आग्या, सातेरी, फुलोरी ही नावे येथे लहान मुलांनाही ठाऊक आहेत. पण जगात माश्यांच्या ज्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदविल्या गेल्या आहेत, त्यांपैकी बहुसंख्य जातींत पोळे नाही, राणी नाही, कामकरी नाहीत आणि मधाचा साठाही नाही. तेथे प्रत्येक मादी आपले घर स्वतः करते, त्यात स्वतः अन्न भरते, अंडी घालते आणि बहुधा आपली संतती पाहण्यापूर्वीच मरून जाते. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे व स्वतःचे हत्यार घेऊन, कोणत्याही पथकात सामील न होता लढणाऱ्यास एकांडा शिलेदार म्हणत. त्या धर्तीवर या माश्यांना एकांड्या माश्या म्हणावे असे मला वाटते. शास्त्रीय पुस्तकांत त्यांना एकाकी माश्या म्हटलेले असते. पण त्या शब्दात थोडी केविलवाणी छटा आहे, आणि या माश्यांत केविलवाणे असे काही नाही.

आपण त्यांना रोज पाहतो, फक्त नावाने ओळखत नाही. घराच्या वाशात, कुंपणाच्या वाळलेल्या बांबूत गोल भोक पाडून राहणारा काळा भुंगा हा त्यांतलाच. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने भुंग्याची आणि माझी ओळख आधी काव्यातून झाली. कठीण लाकूड पोखरणारा भुंगा प्रेमापोटी कमळाच्या पाकळ्यांत बंदिवान होतो, ही संस्कृत कवींची आवडती कल्पना. लाकूड पोखरण्याचे काम मादी करते, हे मात्र कवींनी लक्षात घेतलेले दिसत नाही. दुसरी माशी गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांचे कातरीने कापल्यासारखे गोल तुकडे नेते व त्यांचे अस्तर लावून पोकळ काटकीत घर करते. तिला आपण पानकापी म्हणू. तिसरी, पोटावर निळसर पट्टे असलेली, वांग्याच्या फुलावर गुणगुणत येते. आणखी कितीतरी बारीक माश्या भाटातल्या मोकळ्या मातीत भोक पाडून खाली उतरतात. त्यांच्या भोकांना आपण मुंग्यांची भोके समजतो. दाराच्या कुलपाचे भोक मातीने बुजविणारी कुंभारीण मात्र या कुळातली नव्हे. ती आपल्या पिल्लांना अळ्या किंवा कोळी चारते, तर एकांड्या माश्या पराग आणि मकरंद यांखेरीज काही चारीत नाहीत.

आता या माश्यांशी आपला व्यवहार काय, हा प्रश्न रास्त आहे. काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून येथे आले. त्याचे परागकण चिकट असतात, वाऱ्याने ते फारसे जात नाहीत. एका मोहोराचा पराग दुसऱ्या मोहोरावर नेण्यास कीटक लागतो. ब्राझीलमध्ये, म्हणजे काजूच्या माहेरी, हे काम करणाऱ्यांत सेंट्रिस नावाची एक एकांडी माशी कार्यक्षम ठरलेली आहे. ती माशी झाडाबरोबर जहाजात बसून आली नाही. येथे ते काम आपल्याकडील माश्यांनी अंगावर घेतले. कर्नाटकातील पुत्तूर येथे काजू संशोधन संचालनालय आहे. तेथील बागांच्या निरीक्षणांत मोहोरावर मधमाश्यांबरोबरच जमिनीत आणि पोकळ काटक्यांत घर करणाऱ्या लहान देशी माश्या नियमित आढळल्या आहेत. वांग्याची गोष्ट तर आणखी वेगळी. वांग्याच्या फुलात पराग पिठाच्या डब्यासारख्या बंद नळीत असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी त्या नळ्यांना मिठी मारून अंग थरथरविते, तेव्हा तो झडतो. सातेरीला किंवा आग्याला ही थरथर साधत नाही. मधाच्या कितीही पेट्या आणून ठेवल्या तरी वांग्याच्या वाफ्यात त्यांची जागा भुंग्यास भरून काढावी लागते.

या माशीच्या जन्माची हकीकत जरा तपशिलाने सांगतो, कारण उन्हाचा प्रश्न तेथेच उभा राहतो. मादी एक लांबट बोगदा तयार करते. त्याच्या आतल्या टोकाशी पराग आणि मकरंद मळून एक लाडू ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि पुढे भिंत घालून तो कप्पा बंद करते. मग दुसरा लाडू, दुसरे अंडे, दुसरी भिंत. भुंग्याची भिंत लाकडाच्या भुशाची असते, पानकापीची पानांची. भुंग्याचे अंडे कीटकसृष्टीतील सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी आहे. काही जातींत ते दीड सेंटिमीटरपर्यंत भरते. अंडी थोडी, म्हणून एकेकाचे मोल अधिक. मधमाश्यांच्या पोळ्यात हजारो अंडी असतात, तेथे काही दगावली तरी भर पडते; येथे एका मादीच्या आयुष्यभराची कमाई हाताच्या बोटांवर किंवा फार तर दोन-तीन डझनांत मोजावी.

बंद कप्प्यात अळी जन्मते, लाडू खाते, वाढते, खाणे संपले की स्वस्थ पडून राहते, मग कोषावस्थेत जाते आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून बाहेर येते. भुंग्याला उष्ण हवेत यासाठी महिना-दीड महिना पुरतो; काही जाती मात्र वर्षाचा बराच भाग त्या कप्प्यातच काढतात. या सर्व काळात तिला जागा बदलता येत नाही आणि पाणी पिता येत नाही. कप्पा तापला तर तिने तापायचे, एवढेच.

सातेरीचे पोळे तापले तर काय होते, ते ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांना विचारा. कामकरी माश्या दाराशी ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, पाण्याचे थेंब आणून आत पसरतात, आणि पिल्लांचा भाग ३३ ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखतात. एकांड्या माशीच्या पिल्लास अशी दाई नाही. प्रौढ माशीला मात्र उन्हापासून पळता येते. भुंगे भर दुपार टाळून सकाळी व सायंकाळी फुलांवर येतात. महाराष्ट्रातील भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस व त्यांचे सहकारी यांनी भुंग्यांचा जो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला, त्यात तर एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडून फुले गाठते असे दिसून आले. तो उद्योग ती उन्हाला भिऊनच करते असे कोणी म्हटलेले नाही. पण आईला आपली वेळ निवडता येते आणि बंद कप्प्यातील लेकराला येत नाही, हा फरक त्यावरून चांगला ध्यानात येतो.

उष्णता म्हणजे अळीला केवळ अपाय, असेही नाही. कीटकाचे रक्त आपल्यासारखे एका ठराविक तापमानाचे नसते. बाहेर ऊब वाढली की त्याच्या शरीरातील घडामोडींचा वेग वाढतो. स्थूलमानाने दहा अंशांच्या वाढीस तो दुप्पट होतो. परदेशात लसूणघासाच्या बियाण्यासाठी एक पानकापी माशी व्यापारी तत्त्वावर पाळली जाते. तेथील शेतकरी तिचे कोष ३० अंशांच्या जवळपास उबवितात आणि सुमारे तीन आठवड्यांत माद्या बाहेर येतात. लसूणघास फुलण्यास उशीर आहे असे दिसले तर उबवणीची खोली थंड करून माश्यांना थोपवितात. ऊब ही येथे लगामासारखी वापरली जाते.

पण लगामाला मर्यादा आहे. ऊब वाढत गेली की वाढीचा वेग एका ठिकाणी थबकतो आणि शरीराची झीज सुरू होते. तापाने शरीरातील प्रथिनांची घडी बिघडते. ती सावरण्यासाठी अळीला निराळी प्रथिने बनवावी लागतात आणि त्यासाठी शक्ती खर्च करावी लागते. ही शक्ती येते ती लाडवातून आणि साठविलेल्या मेदातून. लाडू तर आईने मोजूनच ठेवलेला. त्यात भर घालणारे कोणी नाही. परिणामी माशी जगली तरी अंगाने लहान, मेदाने रोडावलेली अशी बाहेर येते. लहान मादीला दूरची फुले झेपत नाहीत, तिची अंडीही कमी. अंडे आणि कोवळी अळी यांची सहनशक्ती विशेष कमी. खाणे संपवून पडून राहिलेली अळी त्या मानाने पुष्कळ सोसते. म्हणून एकाच उष्ण आठवड्याचा परिणाम सर्व कप्प्यांवर सारखा होत नाही. एरवी रात्री कप्पा निवतो आणि अळीचा खर्च उतरतो. रात्रीही उकाडा राहिला तर तो विसावाही जातो. समुद्राकाठच्या आपल्यासारख्या गावाला हे विशेष लागू आहे.

याची कसून परीक्षा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झाली. पॉल कॅराडोना आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ओस्मिया रिबिफ्लोरिस नावाची एक एकांडी माशी लाकडी ठोकळ्यांतील भोकांत घर करते. त्यांनी काही ठोकळे काळ्या रंगाने रंगविले, म्हणजे ते उन्हात अधिक तापावेत व पुढील काळातील हवामानाची प्रचीती यावी. काही पांढरे रंगविले, म्हणजे १९५० च्या सुमारास होता तसा गारवा मिळावा. उरलेले आजच्या हवेसारखे ठेवले. औषध नाही, विष नाही, खर्च केवळ रंगाचा. काळ्या ठोकळ्यांत पहिल्या वर्षी सुमारे ३५ टक्के माश्या मेल्या आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्के. इतर ठोकळ्यांत मरणारांचे प्रमाण एक-दोन टक्केच होते. काळ्या ठोकळ्यांतून ज्या वाचल्या त्या वजनाने हलक्या होत्या, त्यांचा मेद घटलेला होता, आणि बाहेर पडण्याचा त्यांचा हंगाम लांबून विस्कळीत झाला होता. शेवटची बाब क्षुल्लक समजू नये. या माश्यांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. नर आणि माद्या वेळेवर भेटल्या नाहीत, किंवा दोघे येऊन पाहतात तो मोहोर ओसरला आहे असे झाले, तर जिवंत असूनही ती पिढी वाया गेली.

ही माशी आपल्याकडची नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. तिला थंडीची लांब झोप लागते. आपल्या सड्यावर तसा हिवाळाच नाही. त्यामुळे ३५ आणि ७० हे आकडे उचलून तेरेखोलास लावणे बरोबर होणार नाही. तथापि त्या प्रयोगातील मुख्य गोष्ट, म्हणजे घर सावलीत आहे की तापणाऱ्या जागी आहे यावर पिढीचे भवितव्य ठरते, ही बंद कप्प्यात वाढणाऱ्या आपल्या माश्यांनाही लागू पडणारी आहे.

आणि आपला उन्हाळा बदलत चालला आहे, हे कोणी सांगावयास नको. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेले की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. पूर्वी आपण ही लाट विदर्भाची किंवा राजस्थानची समजत होतो. फेब्रुवारी २०२३ हा दिवसाच्या तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. पाठोपाठ मार्चमध्ये गोव्यातील शाळा दोन दिवस दुपारी बारालाच सोडण्याचा आदेश निघाला, हे येथील शिक्षकांना आठवत असेल. २०२४ हे देशातील १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस कोकण व गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. फेब्रुवारी-मार्च म्हणजे काजूवर मोहोर, कोवळी बी आणि पिकता बोंडू एकत्र असण्याचे दिवस. त्याच दिवसांत माश्यांची नवी पिढी कप्प्यांत वाढत असते.

पीक घटले की सारा दोष माश्यांवर ढकलणे मात्र चुकीचे होईल. प्रखर उन्हाने मोहोर जळतो, कोवळी बी गळते. ढगाळ हवा, ढेकण्या कीड, हीही कारणे आहेतच. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र येथून दूर नाही. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या कलमांच्या जाती आपण तेथूनच घेतल्या. झाडाच्या प्रश्नासाठी तेथील तज्ज्ञांकडे किंवा जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेकडे जावे. माझे म्हणणे इतकेच, की कलम चांगले घेतले, खत वेळेवर घातले, आणि मोहोरावर येणाऱ्या माशीचे घर मात्र आपल्याच हाताने तापविले, असे होऊ नये.

हे घर आपण कसे तापवितो? बी गोळा करणे सोपे जावे म्हणून भाट साफ करतो. झुडपे तोडतो, पाला एका जागी ओढून पेटवितो, सुकलेले खोड आणि पोकळ काटक्या जळणात जातात. सड्यावरची आग तर एका दुपारी पसरते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील कितीतरी डोंगरांवर आगी लागल्या आणि त्या विझविण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. आगीत झाडे किती गेली याची चर्चा झाली. काटक्यांत आणि वाळक्या लाकडांत बंद असलेली पिढी कोणाच्या हिशेबात नव्हती. आग नसली तरी झुडूप गेले की माती उघडी पडते. जांभ्याचा उघडा कातळ आणि त्यालगतची पातळ माती मार्चमधील दुपारी किती तापते, ते अनवाणी चालणाऱ्यांना ठाऊक आहे. काजूच्या सावलीतील माती त्याच वेळी पायाला सोसते. जमिनीत घर करणारी माशी काही बोटे ते दोन-तीन विती खोल जाते. खोलवरची माती संथपणे तापते, म्हणून ती निभावते. पण सड्यावर कित्येक ठिकाणी खाली जाण्यास मातीच नाही, विती-दीड वितीवर कातळ लागतो. तेथे सावली हाच तिचा आसरा.

तेव्हा भाट साफ करताना काठावरची, गडग्याच्या कडेची झुडपे राखावीत. वाळलेले एखादे खोड, भुंग्याने पोखरलेला जुना वासा सावलीत टाकून ठेवावा; चुलीला तेवढे एक लाकूड कमी पडत नाही. पाला पेटविण्याऐवजी झाडाच्या आळ्यात पसरावा, मात्र सगळी जमीन झाकू नये. सावलीत थोडी उघडी, न नांगरलेली माती राहू द्यावी, कारण जाड पाल्यातून आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनातून या माशीला खाली उतरता येत नाही. देवराईत आणि सातेरीच्या वारुळाभोवती आपण माती खणीत नाही, तोडीत नाही. तो नेम इतर कारणासाठी पाळला जात असला तरी तेथील गार मातीचा लाभ या माश्यांनाही होतो. मोहोरावर फवारणी करणे भागच असेल तर माश्या फुलांवर असताना ती करू नये. आणि वन, कृषी व पंचायत या खात्यांच्या अधिकाऱ्यांना विनंती, की जाळरेषा आणि रस्त्याकडेची साफसफाई यांचे वेळापत्रक ठरविताना मोहोराचे दिवस समोर ठेवावेत.

माश्यांसाठी बांबूच्या नळ्यांची मोळी बांधून टांगण्याचा प्रघात अलीकडे शहरांत सुरू झाला आहे. दिसावयास ती शोभिवंत असते आणि बहुधा अशा भिंतीवर लावलेली असते की जेथे दुपारचे सारे ऊन येते. पत्र्याच्या छपराखाली टांगलेली मोळी म्हणजे ॲरिझोनाचा काळा ठोकळाच. माशीला आज सकाळी जागा पसंत पडते आणि ती घर भरते. एप्रिलची दुपार कशी असेल याचा अंदाज तिला नसतो. मोळी ठेवावयाचीच असेल तर कौलारू पडवीच्या आत, तोंड पूर्वेकडे करून, सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी ठेवावी. नळीचे एक टोक गाठीने बंद असावे. भोक चार ते दहा मिलिमीटर पुरे, भुंग्याला आख्खा वाळका बांबू दिला की तो आपले भोक आपण पाडून घेतो.

शिक्षकांसाठी एक काम सुचवितो. शाळेच्या पडवीत अशी मोळी बांधावी आणि एका रिकाम्या नळीत साधा तापमापक सरकवून ठेवावा. दुसरा तापमापक तशाच नळीत घालून पत्र्याखाली ठेवावा. तेथे माश्यांची मोळी मात्र ठेवू नये. डिसेंबर ते मे रोज दुपारी दोन वाजता किंवा शाळा सुटण्यापूर्वी दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि त्या आठवड्यात किती नळ्यांची तोंडे बुजली, किती उघडली, ते मोजावे. बुजलेली नळी कशाने बुजली आहे तेही मुलांनी लिहावे, म्हणजे पानाने बुजलेली पानकापीची आणि मातीने बुजलेली बहुधा कुंभारणीची, हे त्यांना आपोआप समजेल. काजूच्या पहिल्या मोहोराची आणि पहिल्या बोंडवाची तारीख त्याच वहीत असावी. तीन-चार वर्षे ही वही चालली तर कृषी खात्याच्या माणसाने ती मागून न्यावी अशी होईल.

मुलांना माश्यांजवळ कसे सोडावे, अशी भीती पालकांना वाटेल. पोळे नसल्याने राखावयाचे असे या माश्यांजवळ फारसे काही नसते, आणि त्या झुंडीने अंगावर येत नाहीत. नराला तर नांगीच नसते. तोंडापुढे घिरट्या घालून धाक घालणारा भुंगा बहुधा तोच. मादीला नांगी आहे, पण मुठीत धरली किंवा अंगाखाली चेंगरली तरच ती डंख करते. मुलांनी नळ्यांत काडी घालू नये आणि मोळी हलवू नये, एवढी ताकीद दिली म्हणजे पुरे.